आलिशान विद्युत मोटार आणि जनप्रतिक्रिया : कर्जत-खालापूरच्या संदर्भात एक चिकित्सा

सारांश : नोव्हेंबर २०२४ मध्ये महिंद्र कंपनीने दोन आलिशान विद्युत एसयूव्ही जनतेसमोर आणल्या, तर जुलै २०२५ मध्ये टेस्ला कंपनीचे पहिले भारतीय दालन मुंबईत उघडले. या दोन्ही घटनांवर मराठी समाजात उमटलेल्या प्रतिक्रियांची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे. या प्रतिक्रिया मुख्यत्वे ग्राहकाच्या भूमिकेतून व्यक्त झाल्या, नागरिकाच्या भूमिकेतून फारच थोड्या, हे लेखाचे प्रमुख प्रतिपादन आहे. ज्या भूभागातून या मोटारी टोल न भरता जाव्यात असे धोरण आखले गेले, त्या कर्जत व खालापूर तालुक्यांचा विजेशी असलेला शतकभराचा संबंध लक्षात घेऊन या प्रतिक्रियांचे मूल्यमापन केले आहे.

बीजशब्द : विद्युत वाहन, जनप्रतिक्रिया, टोलमाफी, खोपोली, भिवपुरी, माथेरान, नागरिक-समीक्षा.

प्रस्तावना

एखादी साहित्यकृती प्रसिद्ध झाली की तिचे वाचक तिच्याविषयी बोलू लागतात. त्या बोलण्यातून कृतीइतकाच वाचकही कळतो. वस्तूच्या बाबतीतही असेच घडते. नवी मोटार बाजारात येते तेव्हा ती यंत्र म्हणून येतेच, परंतु त्याचबरोबर नाव, रूप, किंमत आणि वचन या चार गोष्टींनी बनलेली एक संहिता म्हणूनही येते. समाज ती संहिता वाचतो, तिचे कौतुक करतो, तिच्यावर शंका घेतो. या वाचनाची समीक्षा करणे हा समीक्षेचाच एक भाग आहे, असे मानण्यास प्रत्यवाय नसावा.

प्रस्तुत लेख हे सर्वेक्षण नव्हे. प्रश्नावली, नमुना-निवड अथवा टक्केवारी यांचा आधार येथे घेतलेला नाही. सार्वजनिक नोंदीत असलेल्या घटना, किमती, शासकीय निर्णय आणि न्यायालयीन आदेश यांच्या आधारे प्रतिक्रियांचे स्वरूप तपासणे एवढीच या लेखाची व्याप्ती आहे. संदर्भक्षेत्र म्हणून रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागातील कर्जत व खालापूर हे तालुके निवडले आहेत. या निवडीमागील कारणे पुढील विवेचनात स्पष्ट होतील.

१. घटनाक्रम

२६ नोव्हेंबर २०२४ रोजी चेन्नई येथे महिंद्र कंपनीने ‘बीई ६ई’ आणि ‘एक्सईव्ही ९ई’ या दोन विद्युत एसयूव्हींचे अनावरण केले. त्यांच्या प्रारंभिक किमती अनुक्रमे १८.९० लाख व २१.९० लाख रुपये जाहीर झाल्या. चार्जर व तो बसविण्याचा खर्च या किमतींत धरलेला नव्हता. या मोटारींची निर्मिती पुणे जिल्ह्यातील चाकण येथे होते. त्यामुळे महाराष्ट्रात या घटनेला बातमीपलीकडचे, काहीसे घरच्या कार्याचे स्वरूप आले.

अनावरणानंतर लगेच नावावरून वाद उद्भवला. ‘६ई’ हे आपल्या विमानसेवेचे ओळखचिन्ह आहे, अशी हरकत घेऊन इंडिगो विमान कंपनी चालविणाऱ्या संस्थेने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली. डिसेंबर २०२४ मध्ये महिंद्रने मोटारीचे नाव ‘बीई ६’ असे केले. १४ फेब्रुवारी २०२५ रोजी नोंदणी सुरू झाली आणि पहिल्याच दिवशी ३०,१७९ मोटारींची नोंदणी झाल्याचे कंपनीने जाहीर केले. त्यांचे एकूण मूल्य ८,४७२ कोटी रुपये सांगण्यात आले.

१५ जुलै २०२५ रोजी मुंबईतील वांद्रे-कुर्ला संकुलात टेस्लाच्या दालनाचे उद्घाटन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते झाले. ‘मॉडेल वाय’ या मोटारीची प्रारंभिक किंमत ५९.८९ लाख रुपये होती. ५ सप्टेंबर २०२५ रोजी देशातील पहिली मोटार राज्याचे परिवहन मंत्री प्रताप सरनाईक यांनी स्वीकारली. विद्युत वाहनांविषयी जागृती व्हावी हा आपला हेतू असल्याचे त्यांनी सांगितले.

२. प्रतिक्रियांचे तीन प्रवाह

या घटनांवरील प्रतिक्रिया स्थूलमानाने तीन प्रवाहांत विभागता येतात.

पहिला प्रवाह अभिमानाचा आहे. ‘आपल्या कंपनीने, आपल्या चाकणमध्ये, जगाच्या तोडीची मोटार केली’ हा त्याचा सूर होय. स्वदेशीचा हा सूर मराठी समाजाला अपरिचित नाही. लोकमान्य टिळकांच्या चतुःसूत्रीत स्वदेशी हा एक आधारस्तंभ होता आणि पैसाफंडासारख्या उपक्रमाने तळेगावला काच कारखाना उभा राहिला होता. मात्र त्या स्वदेशीत ‘वस्तू कोणी केली’ या प्रश्नाला ‘ती कोणासाठी केली’ हा प्रश्न जोडलेला होता. आजच्या अभिमानातून हा दुसरा प्रश्न गळाला आहे. शिवाय या मोटारींच्या बॅटरीतील पेशी चीनमधून येतात आणि विद्युत चालनयंत्रणेतील काही घटकांसाठी जर्मनीच्या फोक्सवॅगनशी करार झालेला आहे, ही वस्तुस्थिती अभिमानाच्या भरात बाजूला राहते. परदेशी घटक वापरणे हा दोष नव्हे. परंतु स्वदेशीचा दाखला देताना त्याची नोंद घ्यावयास हवी.

दुसरा प्रवाह हिशेबाचा आहे. किंमत किती, हप्ता किती, प्रतिकिलोमीटर खर्च किती, पाच वर्षांनी विक्रीमूल्य किती राहील, असे प्रश्न या प्रवाहात येतात. मराठी मध्यमवर्गाची ही सवय उपयुक्त आहे, यात शंका नाही. परंतु हा हिशेबही पुष्कळदा जाहिरातीने दिलेल्या आकड्यावरच थांबतो. सर्वांच्या तोंडी १८.९० लाख ही किंमत होती. पहिल्या दिवशीच्या एकूण मूल्यास नोंदणीच्या संख्येने भागले असता सरासरी सुमारे २८ लाख रुपये येते. म्हणजे चर्चा एका मोटारीची झाली आणि खरेदी दुसऱ्याच मोटारीची झाली. ‘आता विद्युत मोटार सामान्यांच्या आवाक्यात आली’ हे त्या काळात वारंवार केले गेलेले विधान या भागाकारापुढे टिकत नाही.

तिसरा प्रवाह शंकेचा आहे. वाटेत बॅटरी संपली तर काय, घाटात गाडी चढेल काय, आग लागेल काय, या त्यातील प्रमुख शंका. जून २०२२ मध्ये वसई येथे एका विद्युत मोटारीला लागलेल्या आगीची चित्रफीत सर्वदूर पोहोचली होती. तिचा ठसा लोकमनावर राहणे स्वाभाविक आहे.

घाटाविषयीची शंका आपल्या परिसराशी निगडित असल्याने तिचा थोडा तपशिलाने विचार करू. खोपोली ते लोणावळा ही चढण उंचीच्या हिशेबाने सुमारे ५५० मीटरची आहे. प्रवाशांसह २,२०० किलो वस्तुमानाची मोटार एवढ्या उंचीवर नेण्यास, रस्त्याचे व हवेचे घर्षण वगळता, सुमारे सव्वातीन युनिट ऊर्जा लागते. या मोटारींच्या बॅटरीची क्षमता ५९ अथवा ७९ युनिट आहे. म्हणजे चढणीसाठी लागणारी ही जादा ऊर्जा लहान बॅटरीच्याही सहा टक्क्यांहून कमी भरते. उतरताना मोटारीचे यंत्र जनित्राप्रमाणे चालते आणि यातील बराचसा भाग बॅटरीत परत येतो. तात्पर्य, बोरघाटाची भीती निराधार आहे. पदवी वर्गातील भौतिकशास्त्राचा विद्यार्थी ती पाच मिनिटांत दूर करू शकतो. तरीही ती दीर्घकाळ चर्चेत राहिली, यावरून आपल्या सार्वजनिक चर्चेत आकडेमोडीपेक्षा ऐकीव माहितीला किती महत्त्व आहे हे दिसून येते.

या तिन्ही प्रवाहांत एक साम्य आहे. अभिमान बाळगणारा, हिशेब करणारा आणि शंका घेणारा हे तिघेही मोटारीच्या आत बसून बोलत आहेत. मोटार घ्यावी की न घ्यावी, हाच त्यांच्यापुढील प्रश्न आहे. मोटारीच्या बाहेर उभा असलेला माणूस या चर्चेत जवळजवळ नाहीच.

३. बाहेरच्या माणसाचा संबंध

येथे असा आक्षेप घेतला जाईल की, मोटार ही खासगी वस्तू आहे. ज्याला परवडेल तो ती घेईल. न घेणाऱ्याने तिच्याविषयी मत देण्याचे कारण काय? पेट्रोलच्या आलिशान मोटारीबाबत हा आक्षेप काही अंशी मान्य करता येईल. विद्युत मोटारीबाबत तो मान्य करता येत नाही, कारण तिच्या किमतीत सार्वजनिक निधीचा वाटा आहे.

विद्युत वाहनावर वस्तू व सेवा कर ५ टक्के आहे आणि तो वाहनाच्या किमतीनुसार बदलत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या दरांनुसार मोठ्या पेट्रोल-डिझेल मोटारींवर ४० टक्के, तर लहान मोटारींवर आणि ३५० सीसीपर्यंतच्या मोटारसायकलींवर १८ टक्के कर आहे. ‘एक्सईव्ही ९ई’च्या सर्वांत वरच्या आवृत्तीची जाहीर किंमत ३०.५० लाख होती. तिच्यातील ५ टक्के कराची रक्कम सुमारे १ लाख ४५ हजार होते. त्याच मूळ किमतीवर ४० टक्के कर लावल्यास ती सुमारे ११ लाख ६२ हजार झाली असती. हा दहा लाखांहून अधिकचा फरक म्हणजे समाजाने सोडून दिलेला महसूल होय. विद्युत स्कूटरलाही ५ टक्केच कर आहे, हे खरे. परंतु सवलत टक्क्यांत दिली की रुपयांत ती सर्वांत महागड्या वस्तूला सर्वाधिक मिळते.

या विषमतेची जाणीव शासनाला नव्हती असे नाही. १० मार्च २०२५ रोजी तत्कालीन उपमुख्यमंत्री व अर्थमंत्री अजित पवार यांनी मांडलेल्या राज्याच्या अर्थसंकल्पात ३० लाखांहून अधिक किमतीच्या विद्युत मोटारींवर ६ टक्के मोटार वाहन कर प्रस्तावित होता. त्याच महिन्यात मुख्यमंत्र्यांनी विधान परिषदेत हा प्रस्ताव मागे घेत असल्याचे सांगितले. या करातून फारसे उत्पन्न मिळणार नाही आणि विद्युत वाहनांबाबत शासनाच्या भूमिकेविषयी चुकीचा संदेश जाईल, अशी त्यामागील भूमिका होती. ही भूमिका विचारार्ह आहे. परंतु कर फक्त उत्पन्नासाठी लावला जात नाही, न्यायाचा संकेत म्हणूनही तो लावला जातो. हा मुद्दा त्या वेळी जोरकसपणे कोणी मांडला नाही. एवढा महत्त्वाचा प्रस्ताव काही दिवसांत आला आणि गेला, तथापि त्यावर मोटारीच्या नावाच्या वादाइतकीही चर्चा झाली नाही. जनप्रतिक्रियेचे मूल्यमापन करताना बोलल्या गेलेल्या शब्दांइतकेच असे मौनही लक्षात घेतले पाहिजे.

४. खालापूरचा टोलनाका

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरील दोन प्रमुख टोलनाक्यांपैकी एक खालापूर येथे आहे. १ एप्रिल २०२३ पासून या संपूर्ण मार्गासाठी मोटारीला ३२० रुपये टोल लागू झाला. एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या विद्युत वाहन धोरणात हा मार्ग, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतू येथे विद्युत मोटारी व बसना टोलमाफी देण्यात आली. अटल सेतूवर ती ऑगस्ट २०२५ मध्ये लागू झाली. अन्यत्र वसुली सुरूच असल्याच्या तक्रारी होत राहिल्या. डिसेंबर २०२५ मधील हिवाळी अधिवेशनात हा विषय विधानसभेत उपस्थित झाला. तेव्हा वसुली थांबवून घेतलेली रक्कम परत करण्याचे निर्देश अध्यक्षांना द्यावे लागले.

टोलमाफी का मिळत नाही, यावर मोटारमालकांनी व्यक्त केलेला रोष रास्त होता. शासनाने दिलेले वचन पाळले पाहिजे. परंतु ही माफी कोणाला मिळते आणि कोणाला मिळत नाही, हा प्रश्नही तितकाच रास्त आहे. द्रुतगती मार्गावर दुचाकी व तीनचाकी वाहनांना प्रवेशच नाही. म्हणजे विद्युत वाहनांपैकी जी स्वस्त आणि सामान्यांच्या वापरातील आहेत, त्यांच्यापर्यंत ही सवलत पोहोचू शकत नाही. विद्युत मालवाहू वाहनांना माफीतून वगळण्यात आले आहे. त्यामुळे भाजी, दूध अथवा फुले वाहून नेणारा विद्युत टेम्पो टोल भरणार आणि सहलीस निघालेली आलिशान मोटार तो भरणार नाही, असा विपर्यास संभवतो. एसटी महामंडळाच्या विद्युत ‘ई-शिवनेरी’ला माफीचा लाभ आहे, ही या धोरणातील स्वागतार्ह बाब होय. मात्र डिझेलवर धावणाऱ्या एसटीला टोल भरावा लागतो आणि त्याचा भार अखेर तिकिटावर येतो. सार्वजनिक वाहनातून प्रवास करणारा माणूस एकट्याने मोटार चालविणाऱ्यापेक्षा दरडोई कमी धूर करतो, हे सर्वज्ञात आहे. धोरणाने मात्र इंधन पाहिले, वाहनातील माणसे मोजली नाहीत.

५. विजेचा प्रदेश

कर्जत-खालापूरच्या संदर्भात या चर्चेला आणखी एक परिमाण प्राप्त होते. मुंबईला वीज पुरविण्यासाठी टाटा समूहाने उभारलेले पहिले जलविद्युत केंद्र खालापूर तालुक्यातील खोपोली येथे आहे. १९१५ मध्ये तेथून मुंबईच्या कापडगिरण्यांकडे वीज जाऊ लागली. कर्जत तालुक्यातील भिवपुरीचे केंद्र १९२२ मध्ये सुरू झाले. घाटमाथ्यावर अडविलेले पाणी कोकणच्या पायथ्याशी सोडून ही वीज निर्माण होते. ज्या उंचीवर चढताना आजची विद्युत मोटार ऊर्जा खर्च करते, जवळजवळ तेवढ्याच उंचीवरून उतरणारे पाणी गेली शंभर वर्षे ऊर्जा देत आले आहे. १९२९ मध्ये कल्याण-पुणे लोहमार्गाचे विद्युतीकरण झाले, तेव्हा कर्जतचे स्थानक भारतातील आरंभीच्या विद्युत लोहमार्गांपैकी एकावर आले. विजेवरचा प्रवास ही या भूमीला नवलाई नाही.

परंतु वीज निर्माण करणारा प्रदेश आणि वीज भोगणारा प्रदेश यांत अंतर पडले. दिव्याखाली अंधार ही म्हण येथे अक्षरशः खरी ठरली. तारा डोंगरावरून गेल्या, पण त्याखालील ठाकूर व कातकरी वाड्यांत दिवा पोहोचण्यास अनेक दशके जावी लागली. विजेचा लाभ कोणाला आणि भार कोणाला, हा प्रश्न महाराष्ट्रात याच शतकात पहिल्यांदा उपस्थित झाला असेही नाही. १९२१ मध्ये सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली मुळशीच्या शेतकऱ्यांनी टाटांच्याच धरणाविरुद्ध सत्याग्रह केला, तेव्हा त्यांनी नेमका हाच प्रश्न विचारला होता. त्या सत्याग्रहाला यश आले नाही. तरी विकासाच्या मराठी समीक्षेचा तो एक आरंभबिंदू होता.

आज हा प्रश्न नव्या रूपात पुढे येत आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये टाटा पॉवर कंपनीने राज्य शासनाशी केलेल्या करारात भिवपुरी येथे १,००० मेगावॉट क्षमतेचा उदंचन जलविद्युत प्रकल्प अंतर्भूत आहे. दिवसा उपलब्ध असलेल्या विजेने पाणी वर चढवावयाचे आणि गरजेच्या वेळी ते खाली सोडून वीज घ्यावयाची, असे त्याचे तत्त्व आहे. थोडक्यात, तो डोंगराएवढा बॅटरीसंचच होय. सौरऊर्जेचा आणि विद्युत वाहनांचा विस्तार व्हावयाचा असेल तर असे प्रकल्प लागतील. राज्यातील वीज आजही मुख्यत्वे कोळशापासून बनते आणि मोटारीचा धूर मुंबईतून नाहीसा होतो तेव्हा तो काही प्रमाणात कोराडी-चंद्रपूरकडे गेलेला असतो, हे लक्षात घेता उदंचन प्रकल्पाचे महत्त्व वाढतेच. परंतु मग विद्युत मोटारीवरील चर्चेत भिवपुरीचे नाव का येत नाही? मोटारीच्या बॅटरीची क्षमता सर्वांना तोंडपाठ असते. ज्या डोंगराची बॅटरी होणार आहे त्या डोंगरातील माणसांना, जंगलाला आणि पाण्याला त्याची काय किंमत द्यावी लागेल, याची विचारणा होत नाही.

याच खालापूर तालुक्यात १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह हाती आले आणि ५७ जण बेपत्ता राहिले. वाडीपर्यंत वाहन जाण्याजोगा रस्ता नसल्याने अवजड यंत्रे वर नेता आली नाहीत. बचावपथके चिखलातून पायी चढली. त्या दुर्घटनेचा मोटारींशी कार्यकारणसंबंध जोडण्याचा येथे हेतू नाही. परंतु ज्या तालुक्यातून देशातील एक सर्वोत्तम महामार्ग जातो, त्याच तालुक्यात रस्ता नसलेल्या वाड्या आहेत. रस्त्यावरील सवलतींची चर्चा करताना या वस्तुस्थितीचे भान ठेवणे हे किमान नैतिक कर्तव्य होय.

६. माथेरानचा धडा

जनप्रतिक्रियेचे दुसरे, अधिक प्रगल्भ उदाहरण कर्जत तालुक्यातच आढळते. माथेरानमध्ये मोटारींना बंदी आहे. वाहने दस्तुरी नाक्यावर थांबतात. पुढील प्रवास पायी, घोड्यावर किंवा माणसाने ओढलेल्या हातरिक्षातून होत असे. ४ फेब्रुवारी २००३ रोजी हा परिसर पर्यावरणीय संवेदनक्षेत्र म्हणून अधिसूचित झाला. हातरिक्षांऐवजी ई-रिक्षा याव्यात, ही मागणी अनेक वर्षे सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढवावी लागली. मे २०२२ मध्ये प्रायोगिक परवानगी मिळाली आणि डिसेंबर २०२२ मध्ये प्रयोग सुरू झाला. ६ ऑगस्ट २०२५ रोजी सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने माणसाने माणूस ओढण्याची ही प्रथा अमानवी ठरवून ती सहा महिन्यांत बंद करण्याचा आणि हातरिक्षाचालकांचे ई-रिक्षाद्वारे पुनर्वसन करण्याचा आदेश दिला. निधीची कमतरता हे सबब म्हणून चालणार नाही, असेही न्यायालयाने बजावले.

या लढ्यात उपस्थित झालेले प्रश्न पाहण्यासारखे आहेत. हातरिक्षा ओढणाऱ्याच्या शरीराचे काय? वृद्ध, रुग्ण आणि शाळेत जाणारी मुले यांचे काय? ई-रिक्षा आली तर घोडेवाल्यांच्या पोटाचे काय? रस्त्यावर पेव्हर ब्लॉक बसविले तर डोंगराच्या मातीचे काय? परवाने कोणास द्यावेत, स्थानिकांस की बाहेरच्या ठेकेदारास? यांतील काही प्रश्न परस्परविरोधी होते. घोडेवाल्यांचा विरोध आणि हातरिक्षाचालकांची मागणी यांचा मेळ घालणे सोपे नव्हते. परंतु प्रत्येक पक्ष वाहनाविषयी बोलताना माणसाविषयी बोलत होता. वाहनाचा रंग, दिव्यांची ठेवण अथवा पडद्याचा आकार यांवर कोणी वेळ दवडला नाही.

दोन्ही घटना एकाच काळातील आहेत. एका विद्युत वाहनास एका दिवसात ८,४७२ कोटींची मागणी लाभली. दुसऱ्या विद्युत वाहनास गावात शिरण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाचा आदेश लागला. पहिल्यावरील प्रतिक्रिया संख्येने अफाट, परंतु आशयाने अल्प होती. दुसरीवरील प्रतिक्रिया एका डोंगरी गावापुरती मर्यादित, परंतु तिच्यात श्रम, पर्यावरण, उपजीविका आणि मानवी प्रतिष्ठा यांचा एकत्रित विचार होता. समीक्षेच्या निकषांवर दुसरी श्रेष्ठ ठरते.

७. प्रतिवाद

वरील विवेचनावर दोन प्रतिवाद संभवतात. पहिला असा की, कोणतेही नवे तंत्र आधी श्रीमंतांच्या घरी येते आणि मग स्वस्त होत सामान्यांपर्यंत पोहोचते. दूरध्वनी व संगणक यांचा इतिहास याला साक्षी आहे. हा प्रतिवाद बराचसा खरा आहे. परंतु त्यातून सवलतीचे समर्थन होत नाही. श्रीमंत ग्राहक स्वतःच्या पैशाने नव्या तंत्राचा आरंभीचा खर्च उचलतो, हा त्या युक्तिवादाचा गाभा आहे. तो खर्च समाजाने उचलला तर युक्तिवादाचा पायाच निसटतो. शिवाय भारतात विद्युत वाहनांचा प्रसार दुचाकी व तीनचाकी वाहनांपासून झाला आहे. येथे तंत्र खालून वर गेले, वरून खाली आले नाही.

दुसरा प्रतिवाद असा की, विद्युत मोटारीमुळे महामार्गालगतच्या गावांचा धूर व आवाज कमी होईल, म्हणजे खालापूरच्या रहिवाशालाही लाभ होईल. हेही मान्य करावे लागेल. घाटात पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चढणाऱ्या वाहनांच्या धुराचा त्रास ज्यांनी सोसला आहे, ते या लाभास क्षुल्लक मानणार नाहीत. परंतु घाटातील धुरात मोठा वाटा अवजड मालवाहू वाहनांचा असतो. धूर कमी करणे हाच हेतू असेल तर विद्युत मालवाहू वाहनांना टोलमाफीतून वगळण्याचे समर्थन करता येत नाही. म्हणून हा प्रतिवाद मान्य केल्यावर प्रस्तुत लेखातील मागणी अधिकच बळकट होते.

निष्कर्ष

१. आलिशान विद्युत एसयूव्हीवरील जनप्रतिक्रियांत अभिमान, हिशेब आणि शंका हे तीन प्रवाह आढळतात. तिन्ही ग्राहककेंद्री आहेत.

२. करसवलत व टोलमाफी यांमुळे ही मोटार सार्वजनिक विषय बनली आहे. त्यामुळे ती न घेणाऱ्या नागरिकासही तिच्याविषयी बोलण्याचा अधिकार आहे.

३. सवलती वाहनाच्या किमतीशी विपरीत प्रमाणात असाव्यात. ठराविक किमतीपुढील मोटारींची टोलमाफी मर्यादित करून विद्युत मालवाहू वाहनांना आणि सर्व प्रकारच्या सार्वजनिक बसना तिचा लाभ द्यावा.

४. विद्युत वाहनाची चर्चा वीज कोठून येते याच्या चर्चेपासून तोडता येत नाही. खोपोली व भिवपुरी ही नावे त्या चर्चेत असावयास हवीत.

५. माथेरानच्या ई-रिक्षा प्रकरणात दिसलेली नागरिक-समीक्षा हा अनुकरणीय नमुना आहे.

महाविद्यालयीन अध्यापकांच्या दृष्टीने या विषयास शैक्षणिक महत्त्वही आहे. भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याने घाटाच्या ऊर्जेचे गणित मांडावे, वाणिज्यच्या विद्यार्थ्याने कराचा हिशेब करावा, मराठीच्या विद्यार्थ्याने जाहिरातीची भाषा तपासावी आणि समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याने डोंगरावरील वाड्यांत जाऊन विचारावे की विजेने त्यांना काय दिले. बहुविद्याशाखीय अध्ययन म्हणतात ते याहून वेगळे नाही. नवी मोटार येईल तेव्हा तिचे स्वागत जरूर व्हावे. मात्र त्या स्वागतात रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या माणसाचा आवाजही ऐकू यावा, एवढीच अपेक्षा येथे व्यक्त करावीशी वाटते.